एकोणीस फेब्रुवारी नक्की कुठल्या कॅलेंडरची?

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या इतिहास मंडळाची मीटिंग होती. विषय एकच, २०३० सालचा वारसा महोत्सव. शिवजन्माला चारशे वर्षं होतायत, तेव्हा शस्त्रांचं प्रदर्शन, मोडी लिपीची कार्यशाळा, गढीची सफाई, शाळांच्या स्पर्धा असं सगळं एकत्र करायचं ठरतंय. पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांचं एकमत झालं. मग कोणीतरी विचारलं, "तारखेने की तिथीने?" आणि पुढचा दीड तास गेला.

मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आणि आता पीएच.डी. करतेय जुन्या पंचांगांवर आणि कालगणनेवर. त्यामुळे अध्यक्ष काका माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुमचा विषय आहे, पुढच्या मीटिंगला पक्कं सांगा. मंडपवाला ॲडव्हान्स मागतोय." ही पोस्ट म्हणजे त्या उत्तराचा कच्चा खर्डा.

आधी एक गंमत सांगते. या उत्सवाच्या बाबतीत उत्सव आधी आला आणि तारीख नंतर. रायगडावरच्या समाधीची दुरवस्था पाहून टिळकांनी १८९५ मध्ये 'केसरी'तून मोहीम उघडली. ३० मे १८९५ ला पुण्यात हिराबागेत सभा झाली, निधी जमू लागला, आणि एप्रिल १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला. एप्रिल का? कारण तेव्हा रूढ असलेली जन्मतिथी होती शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे इसवी सन १६२७. बखरींतून आलेली. दुसरं काही हाताशी नव्हतंच.

पुढे १९१० मध्ये वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातली एक शकावली (वर्षवार नोंदींची यादी म्हणा) टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये ती मंडळातर्फे प्रसिद्ध झाली. त्यात जन्माची नोंद होती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र. म्हणजे फरक जवळजवळ तीन वर्षांचा! ज्यांनी उत्सवाचा एवढा घाट घातला, त्यांनीच उत्सवाची तारीख मोडणारा कागद लोकांसमोर ठेवला. मला टिळकांच्या राजकारणातलं फारसं कळत नाही, पण या एका गोष्टीसाठी मी त्यांना मानते. नंतर परमानंदांच्या 'शिवभारत'ात आणि जोधपूरला सापडलेल्या जन्मकुंडलीतही शके १५५१ चीच नोंद निघाली. तरी वाद संपला नाही. १९६६ ला सरकारने इतिहासकारांची समिती नेमली, तिच्यातही एकमत झालं नाही. १९ फेब्रुवारी ही तारीख सरकारदरबारी पक्की व्हायला २००० साल उजाडलं.

आता माझ्या कामाचा भाग. अशी नोंद तपासतात कशी? नोंदीत तिथी आहे आणि वारही आहे. तिथी सूर्य-चंद्राच्या स्थितीवरून ठरते, वार मात्र नुसता सातच्या चक्रात फिरतो. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. त्यामुळे तिथीवरून दिवस काढायचा आणि त्या दिवशी नोंदीतलाच वार पडतो का ते बघायचं. रॉबर्ट सिवेल आणि आपले शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचं 'इंडियन कॅलेंडर' हे कोष्टकांचं पुस्तक १८९६ चंच, म्हणजे रायगडावरच्या उत्सवाच्याच वर्षाचं. आज लॅपटॉपवर हे दोन मिनिटांत होतं, पण मी हट्टाने एकदा हातानेही केलं. शुक्रवारच येतो.

पण थांबा, यावरून जन्मतारीख "सिद्ध" झाली असं म्हणू नका. मनाला येईल तो वार लिहिला तरी सातातून एकदा बरोबर येणारच. नक्षत्राचा पुरावा तर आणखी लंगडा. फाल्गुन वद्य तृतीयेला चंद्र हस्ताच्या आसपासच असतो, त्यामुळे ते जुळलं याचं फार कौतुक नको. जुळलेला वार एवढंच सांगतो की लिहिणाऱ्यासमोर बहुधा खरं पंचांग होतं, त्याने अंदाजपंचे ठोकलेलं नाही. खरा जोर आहे तो वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी एकाच वर्षाकडे बोट दाखवतात याचा.

आणि आता ती गोष्ट, जी ऐकून मीटिंगमध्ये भांडण होणार आहे. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्युलियन कॅलेंडरची आहे. पोप ग्रेगरीने १५८२ मध्ये दहा दिवस गाळून कॅलेंडर सुधारलं. पोर्तुगालने ते लगेच घेतलं, इंग्लंडने १७५२ पर्यंत घेतलं नाही. आपल्याकडे शिवकालीन तारखा इंग्रजांच्या जुन्या पद्धतीने लिहायचा रिवाज पडला, तो टिकला. म्हणजे त्या एकाच शुक्रवारी सुरतेच्या वखारीतल्या इंग्रज कारकुनाने १९ फेब्रुवारी लिहिलं असतं आणि गोव्यातल्या पोर्तुगीज कारकुनाने १ मार्च. त्यातही इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे सुरतेच्या वहीत साल पडलं असतं १६२९! तिघांचे कागद शेजारी ठेवले तर आपल्याला वाटेल वेगवेगळ्या दिवसांची गोष्ट चाललीय.

आपण आज वापरतो ते कॅलेंडर ग्रेगरीचं. त्या हिशोबाने चारशे वर्षं पुरी होतात १ मार्च २०३० ला. ग्रेगरी कॅलेंडरची ४०० वर्षं म्हणजे १,४६,०९७ दिवस, आणि त्याला ७ ने नि:शेष भाग जातो. बरोबर २०,८७१ आठवडे. म्हणून १ मार्च २०३० लाही शुक्रवारच आहे. हे मी रात्री एक वाजता वहीवर मांडलं तेव्हा एकटीच हसत बसले होते. आई उठून बघायला आली.

तर महोत्सव कधी घ्यायचा? माझं मत, १९ फेब्रुवारीलाच सुरू करा. गावाला तीच तारीख माहीत आहे, सुट्टी त्या दिवशी असते, पोरं मोकळी असतात. पण समारोप १ मार्चला ठेवा, शुक्रवारी, आणि प्रदर्शनात पहिल्याच पॅनेलवर १९ फेब्रुवारी, १ मार्च आणि फाल्गुन वद्य तृतीया हे तिन्ही मांडा. त्याखाली जेधे शकावलीची नोंद मोडीत आणि बाळबोधीत. वैशाखातली जुनी तिथीसुद्धा लावा, ती का मागे पडली त्यासकट. एक काका नक्की म्हणणार, "लोकांना गोंधळात कशाला टाकायचं?" त्यांना दाखवायला मी सहावीतल्या भाचीवर प्रयोग करून बघितला. तिला दहा दिवस गाळल्याची गोष्ट इतकी आवडली की आता ती स्वतःचा ज्युलियन वाढदिवस मागतेय. आता मात्र फरक तेरा दिवसांचा आहे, हे तिला अजून सांगायचंय.

अकरा दिवसांचा मंडप महाग पडेल हे खरं. त्याचं गणित काकांनी करावं. मीटिंग रविवारी आहे.