बहिर्गोल : कवेलूपासून चाळिशीपर्यंत



सालेकसा तालुक्यातल्या गटांच्या मासिक बैठकीत आम्हाला एक गोष्ट नेहमी दिसते. पासबुक हाती दिलं की चाळिशी ओलांडलेली बाई ते हात लांब करून धरते, डोळे बारीक करते आणि म्हणते, “तूच वाचून दाखव बाई.” तिला वाचता येतं. जवळचं दिसत नाही, एवढंच. यावरचा उपाय शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘बहिर्गोल भिंग’ या नावानं भेटतो. शब्द जड वाटतो, म्हणून आपण तो तिथंच सोडून देतो. आज त्याचीच कुळकथा ऐकूया.

जुन्या घरांवरचे अर्धगोल कवेलू आठवा. एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी. उताण्या कवेलूतून पाणी वाहतं. तो खोलगट आकार म्हणजे अंतर्गोल. पालथ्याच्या पाठीवरून पाणी दोन्हीकडे ओघळतं. तो बाहेर फुगलेला आकार म्हणजे बहिर्गोल. कवेलू एकच, बाजू दोन.

शब्द आला संस्कृतातून. ‘बहिः’ म्हणजे बाहेर. पुढे ‘गोल’ आला की विसर्गाचा ‘र’ होतो आणि बनतो बहिर्गोल. सभेतून उठून जाण्याला बहिर्गमन म्हणतात, तिथंही हेच घडतं. ‘अंतर्’ म्हणजे आत, म्हणून अंतर्गोल.

यातला ‘गोल’ फार जुना. भास्कराचार्यांनी 1150 साली ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. त्याच्या एका भागाचं नाव ‘लीलावती’, तर दुसऱ्याचं ‘गोलाध्याय’. त्यांच्या नातवाचा शिलालेख आपल्याच राज्यात, चाळीसगावजवळच्या पाटण इथं सापडला.

आता भिंगाकडे वळू. इंग्रजीत भिंगाला ‘लेन्स’ म्हणतात. जुन्या लॅटिन भाषेत ‘लेन्स’ म्हणजे चक्क मसूर! मसुरीचा अख्खा दाणा हातात घेऊन बघा. मध्ये जाड, कडेला पातळ, दोन्ही बाजूंनी फुगीर. काचेचा तसाच तुकडा पाहून लोकांनी त्याला स्वयंपाकघरातलं नाव दिलं. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत अशीच भिंगं चौकटीत बसवून पहिले चष्मे तयार झाले. ते जवळचं वाचायला होते.

आपल्या मराठीनं तर या चष्म्याला वयाचंच नाव दिलं : चाळिशी. चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं नैसर्गिक भिंग ताठर होऊ लागतं आणि जवळची अक्षरं पुसट दिसतात. बाहेरचं बहिर्गोल भिंग त्याला मदत करतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नंबराआधी अधिकचं चिन्ह असेल तर ते बहिर्गोल, उण्याचं असेल तर अंतर्गोल. दूरचं न दिसणाऱ्याला अंतर्गोल लागतं. म्हणून शेजारणीचा चष्मा मागून लावू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात डोळे तपासून घ्या.

कर्जाच्या कागदावर काय लिहिलंय हे न वाचता सही करणं किती महागात पडतं, हे आपल्याला ठाऊक आहे. दिसत नाही हे सांगायला लाज कसली? पुढच्या बैठकीला मूठभर मसूर आणा, मुलींना बहिर्गोल दाखवा. आणि ज्यांना लागते, त्यांनी चाळिशी लावून या. ठराव आपण आपल्याच डोळ्यांनी वाचू, मगच सही करू.