पाणी तोडण्याची विद्या

बारमाही घंटाफुलाच्या, म्हणजे कॅम्पॅन्युलाच्या, अनेक जातींना फुलण्यासाठी आधी थंडी सोसावी लागते. आल्प्स किंवा काकेशसच्या उतारांवर अशा घंटाफुलाचा पाला हिवाळ्यात वाळतो, मुळे जमिनीखाली विसावतात आणि काही आठवडे गारठल्यावरच वसंतात फुलांचे दांडे वर येतात. नागपूरच्या बागेत ते टिकत नाही, याचा दोष सहसा उन्हाला दिला जातो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, २०१३ साली तो ४७.९ वर पोचला होता. तेव्हा ऊन निर्दोष नाहीच. पण मला वाटते, खरा फरक विश्रांतीचा आहे. तिकडे झाडाला थंडी निजवते, इकडे तहान. नागपूरच्या बागायतीचा इतिहास या तहानेच्या अंगाने वाचला, तर तो अधिक नीट उलगडतो.

१८५३ पर्यंत नागपुरावर राज्य करणाऱ्या भोसल्यांनी महाराजबाग, तुळशीबाग, तेलंगखेडी अशा बागा उभ्या केल्या, तलाव बांधले. औरंगाबादेहून इथे संत्रे आणण्याचे श्रेयही परंपरेने त्यांनाच दिले जाते. मात्र संत्रे इथे रुजले ते राजाज्ञेने नव्हे, तर माळ्यांच्या विद्येने. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधायचा, आणि झाड मोठे झाले की पाणी तोडून त्याला ताण द्यायचा, ही ती विद्या. डिसेंबरात पाणी तोडले की पाने मलूल होतात, थोडी गळतात. मग पाणी सोडले की जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहर फुटतो. मे महिन्यातल्या ताणावर पावसाळ्याच्या तोंडाशी मृग बहर येतो. मोगऱ्याचेही तेच: थंडीत छाटणी, पाण्याला आखडता हात, आणि उन्हाळ्यात कळ्यांचा पूर. भारी काळ्या जमिनीत ओल लवकर हटत नाही, म्हणून ताण किती दिवस द्यायचा हे पान पाहूनच ठरते. हे ज्ञान दरबारी कागदांत कमी आणि माळ्यांच्या हातांत जास्त होते. बागांच्या इतिहासात त्यांना दुय्यम स्थान मिळावे, हे मला अन्यायाचे वाटते.

यावर कुणी म्हणेल, सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांपुढे विलायती फुलांचे वाफे इंग्रजी अमदानीपासून बहरत आले, ते कसे? बहरले, पण ऑक्टोबरात पेरलेले बी मार्चअखेर संपायचे. तो बहर दरवर्षीच्या बियाण्याचा. त्या वाफ्यांना बारमाही म्हणता येणार नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आता हिरवी जाळी आहे, ठिबक आहे, मग घंटाफूल का जगू नये? जाळी दुपारचे ऊन अडवते, पण मे महिन्यातली तापलेली रात्र थंड करू शकत नाही. ठिबक मुळांना ओल देते, गारठा देत नाही. फार तर हिवाळ्यातल्या कुंडीत एका हंगामापुरते ते फूल पाहता येईल, आणि तेवढ्यासाठी ते जरूर लावावे. पण वर्षानुवर्षे एकाच आळ्यात परतून येणारे फूल हवे असेल, तर गुलबक्षी पाहावी. तीही परदेशी, अमेरिका खंडातली. वरचा पाला मेला तरी तिचा मांसल कंद काळ्या मातीत कोरडा पडून राहतो, आणि मृगाच्या पहिल्या सरींनंतर तिथूनच हिरवा कोंब निघतो.