भास्कराचार्यांची वानरे आणि ‘सी’ भाषेतील पूर्णांक

‘सी’ भाषेतील साइन्ड व अनसाइन्ड पूर्णांकांचा भेद अभ्यासक्रमात बहुधा संगणकाच्या स्मृतीची सोय म्हणून शिकविला जातो. वस्तुतः मोजदादीत ऋण संख्येला स्थान द्यावे काय, हा प्रश्न संगणकाहून फार प्राचीन आहे.

भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ शके 1072, म्हणजे इ.स. 1150 मध्ये सिद्ध केला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचा उल्लेख चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात ऋण संख्येवर टिंब देतात. आजच्या परिभाषेत हाच साइन्ड प्रकार होय. त्यातच वानरांचे एक उदाहरण आहे. कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकी वानरे गुहेत गेली, एक फांदीवर दिसले. तर एकूण किती? उत्तरे दोन येतात, 50 आणि 5. पैकी 5 हे उत्तर आचार्य नाकारतात, कारण पाचाचा पंचमांश एक, त्यातून तीन वजा जाता ऋण दोन उरतात आणि प्रत्यक्ष वस्तूंच्या गणतीत ऋण संख्या लोकांना मान्य होत नाही.

आता हेच गणित 32 बिटांच्या अनसाइन्ड प्रकारात मांडू. एकातून तीन वजा करता 4294967294 ही संख्या मिळते. तिच्या वर्गाचे शेवटचे 32 बिट तेवढे उरतात व त्यांचे मूल्य 4 असते. त्यात एक मिळविला की 5. आचार्यांनी टाकलेले उत्तर यंत्र बिनतक्रार स्वीकारते! अनसाइन्ड म्हणजे ऋणास मज्जाव, ही विद्यार्थ्यांची समजूत येथे फोल ठरते. हा प्रकार ऋण संख्या रोखत नाही, केवळ तिचे चिन्ह दिसू देत नाही. वजाबाकीपूर्वी तपासणी करणे प्रोग्रामकर्त्याकडेच राहते.

डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास घडविलेल्या या भाषेत अनसाइन्ड प्रकार काहीसा नंतर आला. कर्निगन व रिची यांच्या 1978 च्या ग्रंथात तो आहे. दोन्ही प्रकारांची सरमिसळ तर अधिकच घातक. ऋण एक हा अनसाइन्ड एकाहून लहान आहे काय, असे विचारल्यास ‘सी’चे उत्तर नकारार्थी येते, कारण तुलनेपूर्वी ऋण एकाचे रूपांतर 4294967295 मध्ये होते. 2024 साली प्रकाशित झालेल्या मानकाने साइन्ड संख्या साठविण्याची दोनच्या पूरकाची एकच रीत बंधनकारक केली. तथापि साइन्ड बेरीज मर्यादेबाहेर गेल्यास काय घडावे, हे त्यानेही अनिर्धारितच ठेवले आहे.