अंजनवेल वीजप्रकल्पातील जनित्रसंचांचे पुनरुज्जीवन

अंजनवेल वीजप्रकल्पातील जनित्रसंचांचे पुनरुज्जीवन म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात अंजनवेल येथे असलेल्या, २००१ पासून बंद पडलेल्या वायुआधारित वीजकेंद्राची दुरुस्ती करून ते पुन्हा कार्यान्वित करण्याचे काम होय. हे काम मुख्यतः २००५ ते २००९ या काळात झाले. हे केंद्र पूर्वी ‘दाभोळ वीज प्रकल्प’ किंवा ‘एन्रॉन प्रकल्प’ या नावांनी ओळखले जाई. त्याची स्थापित क्षमता सुमारे १,९६७ मेगावॅट आहे.

स्थान

अंजनवेल हे गाव वाशिष्ठी नदीच्या मुखाशी, दक्षिण तीरावर वसले आहे. गावाजवळ गोपाळगड हा किल्ला आहे. प्रकल्पाला ज्या दाभोळ बंदराचे नाव मिळाले, ते खाडीच्या पलीकडे, उत्तर तीरावर दापोली तालुक्यात आहे. प्रकल्पाची जागा अंजनवेल, वेलदूर व रानवी या गावांच्या परिसरात आहे. समुद्रावरून येणारी खारी हवा आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस यांमुळे येथील लोखंडी यंत्रसामग्रीस गंज लवकर चढतो.

पार्श्वभूमी

एन्रॉन, जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल या अमेरिकी कंपन्यांच्या दाभोळ पॉवर कंपनीने १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाशी वीजखरेदी करार केला. राज्यात सत्तांतर झाल्यावर ऑगस्ट १९९५ मध्ये प्रकल्प रद्द करण्यात आला. फेरवाटाघाटींनंतर १९९६ मध्ये त्यास पुन्हा मान्यता मिळाली. जमीन, मासेमारी व पर्यावरण या प्रश्नांवर स्थानिक ग्रामस्थांनी दीर्घ आंदोलन केले. आंदोलकांवरील पोलीस कारवाईची दखल आंतरराष्ट्रीय मानवी हक्क संघटनांनीही घेतली.

पहिला, ७४० मेगावॅटचा टप्पा मे १९९९ मध्ये नाफ्ता या द्रवरूप इंधनावर सुरू झाला. विजेच्या दरावरून वाद वाढत गेला आणि मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबविले. त्यामुळे केंद्र बंद पडले व बहुतांश पूर्ण झालेल्या दुसऱ्या टप्प्याचे बांधकामही थांबले. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉन कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

संचांची रचना

केंद्रात तीन संयुक्त चक्र संच आहेत. प्रत्येक संचात दोन गॅस टर्बाइने, त्यांच्या तप्त निष्कासित वायूवर पाणी तापविणारे दोन उष्णता पुनर्प्राप्ती बाष्पित्र आणि एक बाष्प टर्बाइन असते. प्रत्येक टर्बाइनाला स्वतंत्र जनित्र जोडलेले असते. ही जनित्रे मिनिटाला ३,००० फेरे घेतात व ५० हर्ट्झ वारंवारतेची वीज निर्माण करतात. टाकाऊ उष्णतेचाही उपयोग होत असल्याने अशा केंद्राची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते.

बंद संचांची हानी व दुरुस्तीचे स्वरूप

मोठा जनित्रसंच चालू असताना झिजतो, पण निगराणीशिवाय बंद राहिल्यास त्याची हानी अधिक होऊ शकते. त्याची कारणे व त्यांवरील उपाय पुढीलप्रमाणे आहेत.

जनित्राची वेटोळी: दमट हवेत वेटोळ्यांवरील विद्युतरोधक आवरण ओलावा शोषते. ‘मेगर’ या उपकरणाने त्याचा रोध मोजतात. १० मिनिटांनंतरच्या रोधमूल्यास १ मिनिटानंतरच्या मूल्याने भागल्यास ध्रुवीकरण निर्देशांक मिळतो. तो सामान्यतः २ पेक्षा कमी असल्यास वेटोळी गरम हवेने सुकवून पुन्हा चाचणी घेतात. तसे न करता पूर्ण दाब दिल्यास आवरण फुटून जनित्र जळू शकते.

घूर्णक: दीर्घकाळ एकाच स्थितीत राहिलेला जड घूर्णक स्वतःच्या भाराने किंचित वाकतो. पुढे वेगाने फिरविल्यावर त्यामुळे घातक कंपने निर्माण होतात. म्हणून तो ठरावीक काळाने संथ गतीने फिरविला जातो. सुरू करण्यापूर्वी त्याची सरळता व तोल तपासतात.

टर्बाइनाची पाती: संपीडकाच्या पात्यांवर क्षार साचून बारीक खड्डे पडतात व त्यांतून तडे जाण्याचा धोका असतो. यंत्र पूर्ण न उघडता आत नळीसदृश दुर्बीण घालून पाती पाहतात आणि सदोष पाती बदलतात.

बाष्पित्रे व साहाय्यक यंत्रणा: बाष्पित्राच्या नळ्या नायट्रोजन वायू भरून किंवा कोरड्या हवेने जतन केल्या जातात. वंगणतेल, झडपा, केबली, मापकयंत्रे व नियंत्रण संगणक यांचीही तपासणी करावी लागते.

पुन्हा कार्यान्वयन

जुलै २००५ मध्ये राष्ट्रीय औष्णिक विद्युत महामंडळ, गेल, वित्तसंस्था व महाराष्ट्राची वीज कंपनी यांच्या भागीदारीतून ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर प्रायव्हेट लिमिटेड’ स्थापन झाली. त्याच वर्षी प्रकल्पाची मालमत्ता तिच्याकडे आली. सुमारे पाच वर्षांच्या खंडानंतर मे २००६ मध्ये दुसरा संच नाफ्त्यावर सुरू झाला. परंतु हे इंधन महाग असल्याने तो लवकरच थांबवावा लागला. नैसर्गिक वायूची नळवाहिनी दाभोळपर्यंत पोहोचल्यानंतर २००७ मध्ये दुसरा व तिसरा संच व्यापारी तत्त्वावर चालू झाले, तर पहिला संच २००९ मध्ये चालू झाला. आरंभीच्या काळात गॅस टर्बाइनांतील बिघाडांमुळे पुन्हा दुरुस्त्या कराव्या लागल्या.

इंधनाचा प्रश्न

यंत्रे दुरुस्त झाली, तरी केंद्राचे भवितव्य इंधनावर अवलंबून राहिले. कृष्णा–गोदावरी खोऱ्यातील वायूचे उत्पादन घटल्याने डिसेंबर २०१३ मध्ये वीजनिर्मिती थांबली. नोव्हेंबर २०१५ मध्ये भारतीय रेल्वेला सुमारे ५०० मेगावॅट वीज देण्यासाठी ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे चालू स्थितीत आणलेली यंत्रे सुमारे दोन वर्षे केवळ वायूअभावी उभी होती व त्या काळातही त्यांचे जतन करणे आवश्यक होते.

केंद्रालगतच्या द्रवीभूत नैसर्गिक वायू टर्मिनलवर २०१३ मध्ये पहिले जहाज आले. मात्र लाटरोधक बंधारा अपूर्ण असल्याने त्यानंतर अनेक वर्षे पावसाळ्यात तेथे जहाजे लावता येत नसत. पुढे हे टर्मिनल ‘कोकण एलएनजी’ या स्वतंत्र कंपनीकडे सोपविण्यात आले.

महत्त्व

अंजनवेलच्या अनुभवातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. बंद यंत्रांच्या जतनाचा खर्च टाळल्यास तो पुढे दुरुस्तीच्या रूपाने वाढून येतो. तसेच दुरुस्त यंत्राला परवडणारे इंधन व विजेचा ग्राहक हे दोन्ही मिळाल्यासच पुनरुज्जीवन टिकते. भारतातील वीजखरेदी करार व वायुआधारित वीजकेंद्रे यांच्या अभ्यासात या प्रकल्पाचे उदाहरण दिले जाते.