कृत्रिम फुलांच्या भेटवस्तू (बालहस्तकला)

कृत्रिम फुलांच्या भेटवस्तू म्हणजे कागद, कापड, लोकर, भेंड किंवा प्लास्टिक यांच्या फुलांपासून मुलांनी सणासुदीला व सुट्टीत स्वतः तयार केलेल्या साध्या वस्तू होत. शुभेच्छापत्र, राखी, तोरण, फुलदाणी, वाचनखूण व छायाचित्राची चौकट हे त्यांतील प्रचलित प्रकार आहेत. महाराष्ट्रात ही हस्तकला शाळेतील कार्यानुभव विषयातून आणि घरातील सणांच्या तयारीतून मुलांपर्यंत पोहोचते. तयार प्लास्टिक फुलांचा वाढता वापर हा या हस्तकलेशी संबंधित वादाचा विषय आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात कृत्रिम फुलांची परंपरा प्लास्टिकपेक्षा पुष्कळ जुनी आहे. लग्नातील बाशिंगासाठी भेंड या पाणवनस्पतीचा हलका, पांढरा गर, रंगीत कागद आणि बेगड यांची फुले वापरली जात. बंगाल व ओडिशात याच गराला शोला म्हणतात आणि त्यापासून वराचा टोपर व देवतांचे अलंकार घडवले जातात. विसाव्या शतकाच्या मध्यावर हाँगकाँगमधील कारखान्यांनी प्लास्टिक फुलांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. त्यानंतर स्वस्त, तयार फुले जगभरच्या बाजारांत आली.

शिक्षणातील स्थान

हाताने काम करत शिकण्याच्या विचाराला विदर्भात महत्त्वाचा इतिहास आहे. नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवरील वर्धा येथे २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तीतून हस्तोद्योगाला केंद्रस्थानी ठेवणारी ‘नई तालीम’ ही शिक्षणपद्धती पुढे आली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) शालेय शिक्षणात कार्यानुभवाचा समावेश करण्याची शिफारस केली. बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’ या प्राथमिक इयत्तांच्या पुस्तकांत कला व कार्यानुभव एकत्र येतात. फूल घडवताना मोजणे, घडी घालणे, सममिती ओळखणे आणि कात्री चालवणे या कौशल्यांचा सराव होतो.

नागपुरातील प्रसंग

पश्चिम नागपुरातील धरमपेठ या वस्तीला लागूनच गोकुळपेठेचा बाजार आहे. कागद, लेस, फिती व सजावटीचे साहित्य सीताबर्डी आणि इतवारी या शहरातील जुन्या बाजारपेठांतही मिळते. नागपूरच्या उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते व ताजी फुले लवकर कोमेजतात. त्यामुळे उन्हाळी सुट्टीत केलेल्या वस्तूंसाठी कृत्रिम फुले सोयीची ठरतात. पावसाळ्यात मात्र दमट हवेमुळे कागदी फुले मऊ पडतात. म्हणून राखीसाठी कापड किंवा लोकर अधिक योग्य असते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात साजरा होणारा तान्हा पोळा हा मुलांचा सण आहे. त्याच्या प्रारंभाचे श्रेय नागपूरचे राजे दुसरे रघुजी भोसले यांना दिले जाते. मुले लाकडी नंदीबैल सजवून घरोघरी नेतात आणि त्यांना बोजारा म्हणून पैसे किंवा खाऊ मिळतो. बैलाच्या गळ्यातील माळा व पाठीवरील झूल यांसाठी कागदी व कापडी फुले वापरता येतात. याखेरीज रक्षाबंधन, शिक्षक दिन, दिवाळी, भाऊबीज व नाताळ हे अशा भेटी देण्याचे प्रसंग आहेत.

फुले तयार करण्याच्या पद्धती

पतंगी कागदाचा झेंडू : कागदाचे सहा ते आठ तुकडे एकावर एक ठेवून पंख्यासारख्या घड्या घालतात. मध्यभागी दोरा बांधून दोन्ही टोके गोल कापतात व एकेक थर हळूच वर उचलतात.

क्रेप कागदाचा गुलाब : कागदावरील सुरकुत्या पाकळीच्या टोकाकडून देठाकडे जातील अशा बेताने पाकळ्या कापतात. हा कागद सुरकुत्यांच्या आडव्या दिशेने ताणला जातो. त्यामुळे अंगठ्याने मधला भाग ताणल्यास पाकळीला खोलगट आकार येतो.

लोकरीचे फूल : दोन बोटांभोवती लोकरीचे ५० ते ६० वेढे घेऊन मध्यभागी घट्ट गाठ मारतात. नंतर दोन्ही बाजूंचे वेढे कापून गोंडा करतात.

देठासाठी तारेऐवजी हिरवा कागद गुंडाळलेली खराट्याची काडी चालते. चिकटवण्यासाठी मैद्याची किंवा साबुदाण्याची खळ पुरेशी असते.

प्रचलित भेटवस्तू

लहान मुलांसाठी पुठ्ठ्याच्या पट्टीवर फूल चिकटवून केलेली वाचनखूण आणि पुढील पानावर एकच मोठे फूल असलेले शुभेच्छापत्र सोपे असते. थोडी मोठी मुले लेखणीच्या टोकाला फूल बांधून तिचे ‘फूलपेन’ करतात. अशी काही पेने एका डब्यात उभी केली की शिक्षकांच्या टेबलासाठी फुलदाणी तयार होते. सुतळीत ओवलेले झेंडूचे तोरण, जुन्या पुठ्ठ्याची छायाचित्र चौकट आणि लोकरीच्या फुलाची राखी या वस्तूही घरगुती साहित्यातून होतात.

सुरक्षितता

कागद चटकन पेट घेतो, तर पॉलिएस्टर व प्लास्टिक वितळून त्वचेला चिकटू शकते. त्यामुळे अशा फुलांची सजावट पणती किंवा मेणबत्तीलगत ठेवू नये. तार कापणे व गरम गोंदाचे यंत्र वापरणे ही कामे मोठ्यांनी करावीत. मणी, टिकल्या व सुट्या पाकळ्या तीन वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नयेत, कारण त्या घशात अडकण्याचा धोका असतो.

पर्यावरण व कायदा

तयार कृत्रिम फुलात बहुधा पॉलिएस्टरच्या पाकळ्या, प्लास्टिकचा देठ आणि आत लोखंडी तार असते. हे घटक वेगळे करणे कठीण असल्याने त्यांचा पुनर्वापर क्वचितच होतो. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेद्वारे अनेक प्लास्टिक व थर्माकोल वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या एकल-वापर प्लास्टिक बंदीच्या यादीत सजावटीचे थर्माकोल आहे. प्लास्टिकची फुले नाहीत. स्वस्त प्लास्टिक फुलांमुळे ताज्या फुलांची मागणी घटते, अशी फूलउत्पादक शेतकऱ्यांची तक्रार आहे. झेंडू व शेवंतीच्या शेतीचे उत्पन्न मोठ्या प्रमाणात सणांच्या हंगामावर अवलंबून असते. जुलै २०२५ मध्ये राज्याचे फलोत्पादन मंत्री भरत गोगावले यांनी प्लास्टिक फुलांवर बंदी आणण्याचा मनोदय विधानसभेत जाहीर केला.

या वादाचा रोख कारखान्यात तयार होणाऱ्या प्लास्टिक फुलांवर आहे. मुलांच्या हस्तकलेत कागद, सुती चिंध्या व उरलेली लोकर वापरल्यास नवे प्लास्टिक विकत घ्यावे लागत नाही. घरात आधीपासून असलेली प्लास्टिकची फुले टाकून देण्याऐवजी धुऊन पुन्हा वापरणे हा दुसरा मार्ग आहे.

हेसुद्धा पाहा

बाशिंग
तान्हा पोळा
नई तालीम
धरमपेठ