खळ, रंग आणि सौरघट

सोलापूरच्या विणकरांना आणि रंगाऱ्यांना रंग व ऊन यांचे वैर चांगले ठाऊक आहे. रंगाचा रेणू प्रकाश शोषतो म्हणून तर तो रंगीत दिसतो. आणि त्या शोषलेल्या ऊर्जेमुळेच हळूहळू मोडतो व कापड विटते. पण मोडण्याआधीच या रेणूने आपली ऊर्जा एका इलेक्ट्रॉनबरोबर दुसरीकडे पाठवून दिली तर? रंजकसंवेदी सौरघटाची मूळ कल्पना एवढीच आहे. ती प्रत्यक्षात यायला मात्र शंभरावर वर्षे लागली. आणि ती आल्यावर उरलेली मोठी अडचण रंगाची नव्हती, द्रवाची होती.

१८३९ साली फ्रान्समध्ये एडमंड बेकेरेल यांनी आम्लात बुडवलेल्या, चांदीच्या क्षाराचा लेप दिलेल्या प्लॅटिनमवर प्रकाश पाडला, तेव्हा विद्युत्प्रवाह मिळाला. म्हणजे सौरघटाचा इतिहास 'ओल्या' घटापासूनच सुरू होतो. १८७३ मध्ये बर्लिनच्या हर्मन फोगेल यांना दिसले, की छायाचित्रणाच्या काचेवरील चांदीच्या क्षारात रंग मिसळला, की एरवी जो प्रकाश तिला 'दिसत' नाही तोही उमटू लागतो. १८८७ मध्ये व्हिएन्नाच्या जेम्स मोझर यांनी हे दोन्ही धागे जोडले आणि विद्युत्अग्रालाच एरिथ्रोसिन हा रंग दिला. पुढे १९६०च्या दशकात गेरिशर व ट्रिबुच या जर्मन शास्त्रज्ञांनी झिंक ऑक्साइडवर रंग चढवून ही क्रिया नीट अभ्यासली. पण गुळगुळीत पृष्ठभागावर रंगाचा जेमतेम एक थर बसतो. तो प्रकाश शोषणार तरी किती?

या प्रश्नाचे उत्तर १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ब्रायन ओरेगन व मायकेल ग्रेट्झेल यांनी दिले. त्यांनी टिटॅनियम डायऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांचा सुमारे १० मायक्रोमीटर जाडीचा सच्छिद्र थर बनवला. त्यामुळे रंगाला बसायला शेकडो पट जागा मिळाली आणि कार्यक्षमता ७ टक्क्यांच्या पुढे गेली.

या घटात रंगाने गमावलेला इलेक्ट्रॉन आयोडाइड आयन भरून देतो व स्वतः ट्रायआयोडाइड बनतो. हा ट्रायआयोडाइड पलीकडच्या अग्रापर्यंत जाऊन, बाहेरच्या तारेतून फिरून आलेला इलेक्ट्रॉन घेतो आणि पुन्हा आयोडाइड होतो. अशी सतत ये-जा करायची तर आयनांना मोकळे हिंडता आले पाहिजे. त्यासाठी ॲसिटोनायट्राइलसारखा पातळ द्रव उत्तम. पण तो ८२ अंश सेल्सिअसला उकळतो, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून उडून जाऊ लागतो. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. छतावरच्या पॅनेलचे तापमान हवेपेक्षाही २०-३० अंशांनी अधिक असू शकते. असा घट फुगेल, गळेल, कोरडा पडेल.

सोलापूरच्या संशोधकांना ओले घट नवे नाहीत. शिवाजी विद्यापीठाच्या येथील पदव्युत्तर केंद्रात १९९०च्या दशकात एल. पी. देशमुख व त्यांचे सहकारी रासायनिक द्रावणातून कॅडमियमच्या संयुगांचे पातळ थर काचेवर व धातूवर बसवत आणि ते पॉलिसल्फाइडच्या द्रावणात ठेवून प्रकाशविद्युत्रासायनिक घट तयार करत. त्यात वेगळा रंग लागत नाही; अर्धवाहक स्वतःच प्रकाश शोषतो. द्रव मात्र तेथेही असतोच. येथे २००४ साली स्वतंत्र विद्यापीठ झाले. २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते.

मग द्रव बांधायचा कसा? याचे एक चित्र मागावर दिसते. सुताला देतात ती खळ म्हणजे स्टार्चच्या लांब साखळ्यांच्या जाळ्यात अडकलेले पाणी. खळ ओतली तर पाण्यासारखी पसरत नाही, पण आतले पाणी पाणीच राहते. बहुवारिक जेल हे असेच असते.

१९७३ मध्ये इंग्लंडमध्ये पीटर राइट व सहकाऱ्यांनी पॉलिइथिलीन ऑक्साइड या बहुवारिकात क्षार विरघळवले, तर आयन त्यातून वाहतात हे दाखवले. पण नेहमीच्या तापमानाला त्यांची गती फारच मंद होती. १९७५ मध्ये फ्रान्समध्ये फ्याद व पेर्श यांनी लिथियम घटांसाठी बहुवारिकात द्रव मुरवून जेल केले. सौरघटात ही युक्ती १९९५ मध्ये अमेरिकेत काओ, ऑस्कम व सिअर्सन यांनी आणली. त्यांचे बहुवारिक होते पॉलिॲक्रिलोनायट्राइल. आपल्या ॲक्रिलिक स्वेटरचे सूत ज्याचे बनते तेच.

जेलमध्येही एक अडचण आहे. ते घट्ट केले तर अतिसूक्ष्म छिद्रांत शिरत नाही, पातळ ठेवले तर गळते. म्हणून ते गरम व पातळ असताना भरतात आणि आत गेल्यावर थिजू देतात. २००३ मध्ये ग्रेट्झेल यांच्या गटाने फ्लोरिनयुक्त बहुवारिकाचे जेल वापरून ६ टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता मिळवली. ८० अंशांवर १,००० तास ठेवूनही त्या घटाची ९४ टक्के क्षमता टिकली. एक-दोन टक्के अधिक देणारा पण गळणारा घट, की थोडे कमी देऊन टिकणारा? छतावर जायचे तर या प्रश्नाचे उत्तर उघड आहे.

एवढ्याने रंजकसंवेदी घट छतांवर पोहोचले नाहीत. दरम्यान सिलिकॉन पॅनेल स्वस्त झाली आणि २० टक्क्यांच्या पुढे गेली. आज या घटांचे बळ घरातल्या मंद उजेडात दिसते; तेथे ते लहान उपकरणांना पुरेशी वीज देऊ शकतात.

वर्गात हे तत्त्व दाखवायला महागडी साधने नकोत. मैद्याची घट्ट खळ शिजवून दोन वाट्यांत घ्या. एकीत खाण्याचा सोडा ढवळा. नऊ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी व पेन्सिलीची दोन शिशे जोडून ती शिशे एकेका वाटीत थोडा वेळच खोचा. सोड्याच्या वाटीत दिवा ठळक लागेल, दुसरीत लागणार नाही किंवा अगदी मंद लागेल. मग सोड्याची वाटी कलती करा. खळ सांडत नाही, तरी आयन हिंडतच असतात. हे कसे, ते मुलांनाच सांगू द्या.