डेटाबेस-ग्राहक प्रोग्रॅम : समाईक संहिता व लिपिसंकेतन

सर्व्हरवरील डेटाबेसाकडे मजकूर धाडणाऱ्या, तेथून तो मागविणाऱ्या, तक्त्यात मांडणाऱ्या अथवा त्याची राखीव प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमांस ग्राहक-प्रोग्रॅम अशी संज्ञा आहे. आणि मजकुरातील अवतरणचिन्हे निर्धोक करणे, रकान्यांची रुंदी मोजणे इत्यादी जी कामे त्या सर्वांना समान असतात, त्यांची संहिता एकाच ठिकाणी ठेवावी, हा शिरस्ता अनुभवान्ती रूढ झाला.

रुंदी मोजणे हे काम वरकरणी क्षुल्लक वाटते. परंतु यूटीएफ-8 संकेतनात ‘जळगाव’ या नावाचे 5 संकेतांक व 15 बाइट होतात, तर ‘धुळे’ या नावाचे 4 संकेतांक व 12 बाइट होऊनही डोळ्यांस दोनच अक्षरे दिसतात. आणि ‘मुक्ताईनगर’मधील ‘क्त’ हे जोडाक्षर किती जागा व्यापील, हे तर फाँटाच्या मर्जीवर अवलंबून. बाइट मोजून रेषा आखणाऱ्या प्रोग्रॅमाचा तक्ता खानदेशातील गावांच्या यादीवर तत्काळ वाकडा होतो. याहून घातक प्रकार खोट्या जाहीरनाम्याचा : ग्राहकाने यूटीएफ-8 मजकूर पाठवून तो लॅटिन-1 असल्याचे सांगितले, तर सर्व्हर इमानेइतबारे रूपांतर करून ‘जळगाव’चे 15 बाइट 30 करून ठेवतो, आणि त्याच खोट्या संकेताने वाचणाऱ्यास सर्व काही यथास्थित दिसत असल्यामुळे हा दोष दुसरा, सत्यवचनी ग्राहक येईपर्यंत दडून राहतो.

पोस्टग्रेस या डेटाबेसात एका प्रोग्रॅमाची फाइल संकलनाच्या वेळी दुसऱ्याच्या फोल्डरात दुव्याने आणण्याची वहिवाट पुष्कळ काळ होती. ती निभावली, पण नीटस म्हणवत नाही. 2016 साली आलेल्या 9.6 आवृत्तीत अशा फायलींसाठी ‘एफई-युटिल्स’ हे स्वतंत्र दालन निघाले. तत्पूर्वी 2006 मध्येच असे आढळले होते की, जपानी शिफ्ट-जेआयएस संकेतनात अक्षराचा दुसरा बाइट उलट्या तिरप्या रेषेशी जुळू शकत असल्याने, संकेतन ठाऊक नसलेली संहिता फसते. तेव्हा चालू जोडणीचे संकेतन पाहून काम करणारे नवे फंक्शन देण्यात आले. देवनागरीचा एकही बाइट यूटीएफ-8 मध्ये रेषेशी वा अवतरणचिन्हाशी जुळत नाही. तथापि अर्धवट तुटलेल्या बाइटक्रमाच्या आडून अवतरणचिन्ह निसटते, ही गोष्ट फेब्रुवारी 2025 मध्ये उघड झाली. दुरुस्ती मुख्यत्वे लिबपीक्यू हे पोस्टग्रेसचे ग्राहक-ग्रंथालय व एफई-युटिल्स या दोन समाईक ठिकाणी झाली, यातच त्या व्यवस्थेचे सार्थक. हीच संहिता प्रत्येक प्रोग्रॅमात उतरवून घेतली असती, तर एकाच फेरफाराच्या नकला निरनिराळ्या तलाठ्यांनी आपापल्या हाताने सुधाराव्यात, तशी गत झाली असती.

धुळ्यात 1927 साली स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळामुळे मोडी दप्तरांचा विषय या प्रांतास परका नाही. अशा कागदांची संगणकीय सूची करू जाता निराळीच अडचण उभी राहते. देवनागरीचे नेहमीच्या वापरातील प्रत्येक चिन्ह 3 बाइटांत मावते. मोडी मात्र 2014 साली युनिकोडच्या 7.0 आवृत्तीत अशा विभागात दाखल झाली की, तिच्या चिन्हास 4 बाइट लागतात. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसाचे ‘यूटीएफ-8’ नावाने चालत आलेले जुने संकेतन 3 बाइटांपलीकडे जात नाही, आणि पूर्ण संकेतन ‘यूटीएफ8एमबी4’ या वेगळ्या नावाखाली ठेवलेले आहे. ही नामयोजना आमच्या मते अनिष्टच होय. रकाना नवा करूनही ग्राहकाने जोडणीच्या वेळी जुने संकेतन जाहीर केल्यास मोडी अक्षर शाबूत पोहोचत नाही. शिवाय मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-यंत्रणेच्या जुन्या सारण्यांत निर्देशांकाची मर्यादा 767 बाइटांची असल्याने, 3 बाइटांच्या हिशेबाने 255 चिन्हे सामावणारा निर्देशांक 4 बाइटांच्या हिशेबाने 191 चिन्हांवर आणावा लागतो.